गॉथिक शिकवायचंय? आधी प्रत तपासा : पुस्तकं, फुकट पाठ आणि गाईडांचं परीक्षण

अकरावी-बारावीच्या इंग्रजीच्या शिक्षकानं गॉथिक, म्हणजे भय नि गूढ यांच्या, कथा-कवितांचा घटक घ्यायचं मनावर घेतलं, की पहिली खरेदी पुस्तकांची होते आणि बहुतेकदा तिथंच घोळ होतो. छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्याची दुकानं पाहा, नांदेड-लातूरला चौकशी करा किंवा घरबसल्या ऑनलाइन मागवा, माल चार-पाच प्रकारचाच आहे. मुलांसाठी ‘सोप्या भाषेत’ केलेल्या संक्षिप्त प्रती, स्वस्तातल्या पूर्ण प्रती, टिपांसह निघणाऱ्या अभ्यासाच्या प्रती, इंटरनेटवरचे फुकट पाठ नि ध्वनिमुद्रणं, आणि गाईडं. या सगळ्यांना आम्ही एकाच कसाला लावलं आहे : मराठी माध्यमातून आलेल्या, इंग्रजी वाचताना अडखळणाऱ्या साठ-सत्तर मुलांच्या वर्गात, बारा तासांच्या मुदतीत यातलं काय चालतं?

निकाल आधीच सांगतो. संक्षिप्त प्रत फुकट मिळाली तरी घेऊ नका. कादंबऱ्यांचे संचही घेऊ नका. तीन छोट्या कथा आणि दोन कविता, एक शब्दही न छाटलेल्या, स्वतः नीट मांडून झेरॉक्स काढा. शिक्षकाच्या कपाटात टिपांची एक चांगली प्रत असू द्या. गाईडाचे पैसे वाचवा.

संक्षिप्त प्रतींवर एवढा राग का, ते एडगर ॲलन पोच्या ‘द टेल-टेल हार्ट’वरून लगेच कळतं. १८४३ साली छापलेली ही कथा जेमतेम दोन हजारांवर थोड्या शब्दांची आहे. कथानक विचाराल तर दोन ओळींत संपतं : एकानं म्हाताऱ्याचा खून केला, प्रेत फळ्यांखाली पुरलं, पोलिसांसमोर त्याला हृदयाचे ठोके ऐकू यायला लागले आणि त्यानं कबुली दिली. संक्षिप्त प्रत हे कथानक ठेवते आणि बाकीचं फेकते. पण कथा आहे ती बाकीच्यातच. मूळ कथेत सांगणारा पहिल्या शब्दापासून समोरच्याशी हुज्जत घालतो आहे : तुम्ही मला वेडा कसं म्हणता, बघा मी किती शांतपणे सांगतो. वाक्यं तुटतात, आडव्या रेघा येतात, एकच शब्द दोनदा-तीनदा येतो. आठ रात्री तो दार उघडून डोकं आत घालतो आणि त्या नुसत्या डोकं घालण्याला तास लागतो. सोपी प्रत करणारा हे सगळं ‘पुनरावृत्ती’ म्हणून काढून टाकतो. मग हाती उरते पोलीस डायरीतली नोंद. मुलांना विचारा, सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा का? त्या प्रतीवरून हा प्रश्नच उभा राहत नाही.

आमच्या मते गॉथिक म्हणजे भूत-वाडा-वादळ हा सामानाचा हिशेब नव्हेच. जे ऐकू आलं ते खरंच होतं की ऐकणाऱ्याच्या मनात होतं, हे वाचकाला शेवटपर्यंत ठरवू न देणं, ही त्यातली खरी कारागिरी. ती वाक्यात असते. वाक्य छाटलं की ती गेली.

दुकानात उभ्या उभ्या प्रत तपासायची असेल तर पाच मिनिटं पुरतात. मुखपृष्ठ सोडा, आतल्या शीर्षकपानाची मागची बाजू पाहा. ‘ॲब्रिज्ड’, ‘रीटोल्ड’, ‘अडॅप्टेड’ यांतला एखादा शब्द बारीक अक्षरांत तिथं सापडतो. काही प्रतींवर तोही नसतो. म्हणून मजकूर उघडा. ‘टेल-टेल हार्ट’ची सुरुवात ‘ट्रू!’ या एका शब्दानं आणि पुढच्या आडव्या रेघेनं झाली पाहिजे. पोच्याच ‘द रेव्हन’ या कवितेची कडवी मोजा : १८ हवीत, प्रत्येकी सहा ओळींची, एकूण १०८ ओळी. ‘फ्रँकेन्स्टाइन’ असेल तर पहिल्या पानावर सेंट पीटर्सबर्गहून ११ डिसेंबरला लिहिलेलं पत्र दिसलं पाहिजे. पुस्तक थेट नायक व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनच्या बालपणापासून सुरू होत असेल, तर वॉल्टन नावाच्या खलाशानं बहिणीला लिहिलेली चारही पत्रं उडवलेली आहेत. कादंबरीची बाहेरची चौकटच गेली म्हणायची. ती प्रत खाली ठेवा.

स्वस्तातल्या पूर्ण प्रतींबद्दल मत थोडं वेगळं. पोच्या सगळ्या कथा-कविता एकाच जाडजूड खंडात देणाऱ्या प्रती परवडतात आणि मजकूर बहुधा पूर्ण असतो. पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण कापला तो छपाईसाठी. जुन्या पुस्तकाची पानं स्कॅन करून यंत्रानं अक्षरं ओळखून घेतलेली असतात आणि मुद्रितशोधन कोणी केलेलं नसतं. त्यामुळे ‘ही’च्या जागी ‘बी’, दोन शब्द चिकटलेले, अवतरणचिन्हं उघडलेली पण मिटलेली नाहीत. कथेत हे चालवून घेता येतं. कवितेत मात्र घात होतो, कारण कडव्यांमधली मोकळी ओळ गायब झाली की ‘रेव्हन’चा १०८ ओळींचा सलग ढिगारा होतो. कोणत्या कथेचं साल कोणतं, हेही या प्रतींत बहुधा नसतं. ते शिक्षकानंच लिहून ठेवावं.

‘फ्रँकेन्स्टाइन’ची गोष्ट निराळी, कारण पूर्ण प्रतीही दोन आहेत. मेरी शेलीची कादंबरी १ जानेवारी १८१८ रोजी निघाली तेव्हा लेखिकेचं नाव छापलेलं नव्हतं. तीन खंड होते आणि प्रत्येक खंडात प्रकरणांचे आकडे पुन्हा एकपासून. १८३१ साली तिनं स्वतः सुधारून नवी आवृत्ती काढली. तीत २४ प्रकरणं सलग आहेत आणि कादंबरी कशी सुचली हे सांगणारी प्रस्तावना आहे. ‘नोव्हेंबरची ती उदास रात्र’ हे प्रसिद्ध वाक्य पहिल्या आवृत्तीत पहिल्या खंडाच्या चौथ्या प्रकरणात सापडतं, दुसरीत पाचव्या. एलिझाबेथ पहिल्या आवृत्तीत व्हिक्टरची आतेबहीण आहे. दुसरीत ती इटलीत सापडलेली अनाथ मुलगी. वर्गात निम्म्या मुलांकडे एक नि निम्म्यांकडे दुसरी प्रत असली, तर ‘पाचवं प्रकरण काढा’ म्हटल्यावर गोंधळ ठरलेला. टिपांच्या प्रतींपैकी ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्सची मॅरिलिन बटलर यांनी संपादित केलेली प्रत १८१८चा पाठ देते. पेंग्विन क्लासिक्सची मॉरिस हिंडल यांची प्रत १८३१चा. दोन्ही चांगल्या. आम्ही १८१८च्या बाजूचे, कारण तिथं व्हिक्टर आपल्या निवडीनं बिघडतो. १८३१मध्ये तो पदोपदी नशिबाला बोल लावतो आणि चर्चेला जागा कमी उरते.

तरीही बारा तासांच्या घटकात अख्खी कादंबरी घेऊ नका. पाऊण लाखाच्या आसपास शब्द आहेत. ‘ड्रॅक्युला’ त्याच्या दुप्पट, २७ प्रकरणांचा. ‘वदरिंग हाइट्स’ला हातच लावू नका, तिच्यातल्या जोसेफची यॉर्कशरची बोली चांगल्या इंग्रजीवाल्यांनाही दमवते. ‘फ्रँकेन्स्टाइन’चं ते एकच प्रकरण, म्हणजे व्हिक्टरनं घडवलेला प्राणी डोळे उघडतो तिथपासून व्हिक्टर पळून जातो तिथपर्यंत, दोन पानांत बसतं आणि एका तासात होतं. त्यात एक फायदा आणखी आहे. मुलांच्या डोक्यात सिनेमा बसलेला असतो : मानेत बोल्ट, विजेचा कडकडाट, कुबडा मदतनीस. मूळ मजकुरात यातलं काहीच नाही. आहे ते असं : खिडकीवर पाऊस, विझत आलेली मेणबत्ती, पिवळी कातडी, चकचकीत काळे केस, मोत्यासारखे दात. प्राण्याला नाव नाही. व्हिक्टर डॉक्टर नाही, इंगोलस्टाटला शिकणारा विद्यार्थी आहे. मुलांना आधी आठवणीतून वर्णन लिहायला सांगा, मग उतारा द्या, मग स्वतःच्या लिखाणातल्या सिनेमाच्या ओळी खोडायला लावा. पाठ जवळून वाचायचा म्हणजे काय, हे एवढ्यावर कळतं.

आता फुकट पाठ. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर या घटकाला लागणारं जवळजवळ सगळं आहे आणि आमचे सर्वांत जास्त गुण त्याला, साडेचार. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. पो १८४९ साली गेला, मेरी शेली १८५१, रवींद्रनाथ १९४१, ‘द मंकीज पॉ’चा लेखक डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स १९४३. म्हणजे झेरॉक्स काढायला कोणाची परवानगी लागत नाही. (टिपांच्या प्रतीतल्या टिपा नि प्रस्तावना मात्र आजच्या संपादकांच्या, त्यांची पानं वाटू नका.)

अर्धा गुण कापला तो उतरवून घेतानाच्या कटकटीसाठी. साधा टेक्स्ट घेतला तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारलेला असतो आणि वर्डमध्ये चिकटवल्यावर अर्ध्या-अर्ध्या ओळी दिसतात. उपाय तीन पायऱ्यांचा. शोधा-बदला उघडून आधी लागोपाठच्या दोन परिच्छेदखुणांच्या जागी एखादं अनोळखी चिन्ह टाका, समजा ‘@@’. मग उरलेल्या एकेका परिच्छेदखुणेच्या जागी मोकळी जागा. शेवटी ‘@@’च्या जागी परत परिच्छेदखूण. कवितेवर हा प्रयोग चुकूनही करू नका, ‘रेव्हन’चा निबंध होईल. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या खालच्या रेघा म्हणजे मुळातली तिरपी अक्षरं. पो कुठे जोर देतो ते त्यांवरून कळतं, म्हणून पुसू नका, तिरपं करा. मागचा-पुढचा परवान्याचा मजकूर काढून टाका. एवढं नको असेल तर सरळ वेबपानाची आवृत्ती उघडून तिथून उचला, अर्धं काम वाचतं.

मांडणी अशी ठेवा : अक्षर १२ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, उजवीकडे दोन इंचांचा समास. तो समास मुलांनी मराठीत नोंदी करायचा आहे. वर्डच्या लेआउटमध्ये ओळक्रमांक देण्याची सोय आहे, ती सलग चालू करा आणि दर पाच ओळींनी आकडा दिसेल असं ठरवा. साठ जणांच्या वर्गात ‘ओळ पस्तीस’ म्हणता येणं हीच मोठी सोय. ‘रेव्हन’साठी मात्र पान आडवं करा. तिच्या बहुतेक ओळी पंधरा-सोळा अवयवांच्या (सिलेबल्सच्या) आहेत. उभ्या पानावर समास सोडला की ओळ मोडून खाली येते आणि मुलं मोडलेल्या तुकड्यालाच नवी ओळ समजून सहाऐवजी दहा-अकरा ओळी मोजतात. मोबाइलवर वाचणाऱ्यांचं हेच होतं.

आमच्या निवडीतली पहिली वस्तू फुकटच हाताशी आहे. बारावीच्या युवकभारतीत रॉबर्ट सदीची ‘द इंचकेप रॉक’ आहे. ती नीतिकथा म्हणून शिकवून संपवतात : खडकावरची इशाऱ्याची घंटा तोडणारा सर राल्फ स्वतःच त्या खडकावर फुटला, करावं तसं भरावं. शेवटच्या कडव्याकडे कोणी थांबत नाही. बुडताना राल्फला आवाज ऐकू येतो, जणू पाण्याखाली सैतान ती घंटा वाजवतो आहे. तिथला ‘जणू’ फार महत्त्वाचा. घंटा तर त्यानंच तोडून बुडवली. मग वाजतंय काय? हा प्रश्न फळ्यावर तसाच राहू द्या आणि दुसऱ्या तासाला ‘टेल-टेल हार्ट’ काढा. ज्यानं केलं त्यालाच ऐकू येतं. तीन पोलीस समोर बसून गप्पा मारताहेत, त्यांना काही नाही. पाठ्यपुस्तकातली कविता नि बाहेरची कथा अशी जोडली गेली की ‘हे परीक्षेला आहे का सर?’ हा प्रश्नही निम्मा गळतो. त्याच पुस्तकातली बायरनची ‘शी वॉक्स इन ब्यूटी’ गॉथिक नाही, पण १८१६च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावणारा यजमान हाच बायरन, आणि त्या पैजेतूनच ‘फ्रँकेन्स्टाइन’ आली. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटल्यानं युरोपात उन्हाळाच पडला नव्हता. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात.

‘टेल-टेल हार्ट’ला तीन तास द्या. पहिल्या तासाला फक्त ऐकवा. दुसऱ्या तासाला मुलांनी दोन रंगांत खुणा करायच्या : सांगणारा स्वतःला शहाणा म्हणतो तिथे एक रंग, वागणं वेड्यासारखं दिसतं तिथे दुसरा. बहुतेक वाक्यांवर दोन्ही रंग चढतात. तिसऱ्या तासाला आवाज. ठोक्यांचं वर्णन पो दोनदा, जवळपास त्याच शब्दांत करतो : कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा मंद, जड, भरभर येणारा आवाज. जालना, परभणी, बीडच्या मुलांना यात समजावून सांगण्यासारखं काही नाही, कापूस घरात असतो. टिकटिकणारं गजराचं घड्याळ घ्या, दोन-तीन मुठी सरकी काढलेल्या कापसात गुंडाळा आणि पत्र्याच्या डब्यात ठेवा. उघड्या घड्याळाची ‘टिक’ टोकदार असते. कापूस तीच धार गिळतो आणि खालचा धपधप आवाज तेवढा उरतो. पंखे बंद हवेत. मग विचारा, कोणाला ऐकू येतंय? पहिल्या बाकांना येतं. मागून कोणीतरी ‘येतंय’ म्हणतोच, आणि त्याला खरंच येतंय की नाही हे तपासायला वर्गात कोणाकडेही साधन नसतं. कथेतल्या ‘डेथ वॉच’ या शब्दालाही इथेच थांबा. तो लाकूड पोखरणारा किडा. भिंतीतल्या तुळईवर डोकं आपटून टकटक करतो. बाजारातल्या काही टिपांमध्ये त्याचा अर्थ ‘मृत्यूचे घड्याळ’ असा छापलेला दिसतो. तो खोडायला सांगा.

‘रेव्हन’ला दोन तास. जानेवारी १८४५मध्ये छापलेली ही कविता मुलांना कठीण जाते ती शब्दांमुळे, लयीमुळे नव्हे. म्हणून अर्थ बाजूला ठेवून आधी बाकावर ठेका धरा. ओळीत आठ ठोके, जोर पहिल्या अवयवावर : वन्स अ, पॉन अ, मिड्नाइट, ड्रीअरी. पहिली नि तिसरी ओळ सोळा अवयवांची, दुसरी, चौथी, पाचवी पंधराच्या, आणि सहावी एकदम सातवर येऊन थांबते. तीन लांब चरणांनंतर आखूड चौथा चरण येणारी ओवी ज्यांच्या कानात आहे, त्यांना हा शेवटचा आखडलेला झटका लगेच पकडता येतो. पैठण-आपेगावच्या मुलुखात हे उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. मग शेवटच्या शब्दांची यादी काढायला लावा. पहिली सात कडवी ‘नथिंग मोअर’ किंवा ‘एव्हरमोअर’वर संपतात, आठव्यापासून अठराव्यापर्यंत अकरा वेळा ‘नेव्हरमोअर’. त्यातल्या प्रत्येकापुढे लिहायचं, हा शब्द कोणाच्या तोंडी आहे? बहुतेक वेळा कावळ्याच्या. तेराव्या आणि शेवटच्या कडव्यात मात्र माणूस स्वतः म्हणतो. पक्ष्याला एकच शब्द येतो हे कळल्यावरही तो मुद्दाम असेच प्रश्न विचारत जातो की उत्तर जखमेवर बसावं. पोनं १८४६च्या एका निबंधात ही जुळवणी उघड करून सांगितली आहे; आधी त्याच्या डोक्यात पोपट होता, हेही त्यातच आहे. मुलं हसतात, आणि कावळाच का, हे आपोआप बोलू लागतात.

जेकब्सची ‘द मंकीज पॉ’ (१९०२), म्हणजे माकडाच्या पंजाची गोष्ट, दोन तासांत होते. इंग्रजी सर्वांत सोपं, संवाद भरपूर, नाटकासारखं वाचता येतं. संक्षिप्त प्रती इथे वेगळाच अपराध करतात : दाराबाहेर उभं असलेलं ‘ते’ दाखवून टाकतात. मूळ कथेत दार उघडतं तेव्हा समोर फक्त रिकामा रस्ता आणि लुकलुकणारा दिवा आहे. गॉथिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या ॲन रॅडक्लिफनं धास्ती (टेरर) आणि किळस (हॉरर) यांत फरक केला होता तो हाच; धास्तीनं मन ताणलं जातं, किळसेनं ते आखडून घेतं. चर्चेसाठी आणखी एक धागा : तो पंजा आणणारा सार्जंट मेजर भारतात २१ वर्षं काढून आलेला आहे आणि मंत्र घालणारा फकीर आहे. इंग्रजांच्या घरात संकट यायचं ते भारतातूनच का येतं? शेरलॉक होम्सच्या ‘साइन ऑफ फोर’मधला खजिनाही आग्र्याचा. बारावीच्या मुलांना हा प्रश्न झेपतो.

उरलेले तीन तास रवींद्रनाथांच्या ‘द हंग्री स्टोन्स’साठी, आणि मराठवाड्यात हा घटक घेताना ही कथा वगळणं म्हणजे हातचं सोडणं. मूळ बंगाली १८९५चं, इंग्रजी पुस्तक १९१६चं, तेही गुटेनबर्गवर आहे. गोष्ट सांगणारा निजामाच्या नोकरीत कापसावरचा कर वसूल करायला बरीच नावाच्या गावी येतो आणि अडीचशे वर्षांपूर्वी बांधलेल्या, आता ओस पडलेल्या संगमरवरी महालात मुक्काम ठोकतो. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्याच राज्यात असलेल्या मुलुखातल्या मुलांना ‘निजामाचा कापूस-कर’ ही कल्पना समजावावी लागत नाही. वॉलपोलच्या १७६४च्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ या गॉथिक कादंबरीसाठी मात्र नकाशा, सरंजामशाही, मठ असं सगळं उभं करावं लागतं. रोज पहाटे ‘दूर राहा, सगळं खोटं आहे’ ओरडत फिरणारा वेडा मेहेर अली हा मुलांना सर्वांत लक्षात राहणारा माणूस. चौकटही फ्रँकेन्स्टाइनसारखीच, गोष्टीत गोष्ट : स्टेशनवर गाडीची वाट पाहताना एक अनोळखी माणूस हे सांगतो आहे, ऐन रहस्याशी येतो आणि गाडी येते. उत्तर राहूनच जातं. बाहेरचा सांगणारा त्या अनोळखी माणसाला थापाड्या म्हणतो, सांगणाऱ्यासोबतचा नातेवाईक मात्र विश्वास ठेवतो. वर्गाचीही अशीच दोन गटांत वाटणी करा आणि प्रत्येक गटाला पाठातल्या पाच ओळींचे क्रमांक पुरावा म्हणून द्यायला लावा. ओळक्रमांक छापले नसतील तर हा तास नुसत्या आरडाओरड्यात जातो. इंग्रजी भाषांतर जुन्या वळणाचं, विशेषणांनी जड आहे. रात्रीच्या स्वप्नवत वर्णनांतली वाक्यं लांब पडतात. तिथे आधी क्रियापद शोधायला लावा, मग कर्ता, मग बाकीचं. दौलताबाद जवळ असणाऱ्यांनी तिथल्या कातळातल्या अंधारीतून मुलांना एकदा चालवून आणावं; टॉर्च दोन जास्तीच्या ठेवा, वटवाघळांचा वास येतो हे आधी सांगा, आणि परतल्यावर किल्ल्याचा इतिहास न लिहिता फक्त अंधारात कानांनी काय टिपलं तेवढंच दहा ओळींत लिहून घ्या.

गाईडांबद्दल थोडक्यात. ‘गॉथिकची दहा वैशिष्ट्ये’ अशी यादी असते : किल्ला, वादळ, भूत, संकटातली नायिका वगैरे. ती यादी ‘टेल-टेल हार्ट’ला लावून पाहा. किल्ला नाही, भूत नाही, वादळ नाही, बाई तर कुठेच नाही. यादीप्रमाणे उत्तम गॉथिक कथाच गॉथिक ठरत नाही. कृतिपत्रिकेतल्या चार गुणांच्या रसग्रहणासाठीही गाईड उपयोगाचं नाही. तिथे तयार वाक्यं सगळ्या कवितांना सारखीच चिकटवलेली असतात. ‘इंचकेप रॉक’वर आवाज, अनुप्रास आणि शेवटचा ‘जणू’ यांवर मुलानं स्वतः लिहिलेल्या सहा ओळी त्यापेक्षा जास्त गुण मिळवतात.

एमिली डिकिन्सन घ्यायची असेल तर सावध. ‘बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ’चा फुकट फिरणारा पाठ बहुधा १८९०च्या छापील आवृत्तीचा असतो, तिच्या मृत्यूनंतर संपादकांनी त्यात तिच्या आडव्या रेघा सपाट केल्या, एक अख्खं कडवं गाळलं आणि ‘द चॅरियट’ असं शीर्षक वरून चिकटवलं. पाच कडवी दिसली तर तो पाठ अपुरा, सहा हवीत. कीट्सच्या ‘ला बेल दाम’चेही दोन पाठ आहेत, पहिल्या ओळीत ‘नाइट-ॲट-आर्म्स’ असलेला निवडा, ‘रेचेड वाइट’वाला १८२०चा पाठ कमकुवत आहे.

ध्वनिमुद्रणांसाठी लिब्रिव्हॉक्स. स्वयंसेवकांनी वाचलेलं, विनामूल्य, उतरवून घेता येणारं; एकाच कथेची पाच-सहा वाचनं सापडतात आणि दर्जा वाचकागणिक बदलतो, म्हणून वर्गात नेण्याआधी पहिली दोन मिनिटं तरी ऐका. नाटकी ओरडणारा वाचक टाळा. पोचा खुनी शांतपणे बोलतो म्हणूनच अंगावर येतो. वेग ०.८५ ठेवला तर उच्चार न बिघडता मुलांना गाठता येतं. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, ऐन तासाला नेटवर भरवसा नको, आणि चार्ज केलेला स्पीकर हवा म्हणजे वीज गेली तरी तास चालू राहतो.

घटक घ्यायचा तर जुलै-ऑगस्टमध्ये घ्या. आभाळ भरलेलं असतं, वर्ग निम्मा अंधारात असतो आणि पंखे बंद केले तर कोणी कुरकुरत नाही. डिसेंबर-जानेवारीत बारावीला प्रात्यक्षिकं नि सराव परीक्षा लागतात, आणि मार्चनंतर पंखा बंद करून कापसातलं घड्याळ ऐकवायचा प्रयत्न कोणी करू नये.